दंतवैद्यकाचे विद्यार्थी आणि त्यांचे स्वतःचे दात

जो विद्यार्थी दातांच्या रोगांचा अभ्यास करतो तो स्वतःच्या दातांची निगा चांगली राखतच असणार, असे पालक गृहीत धरतात, रुग्ण गृहीत धरतात आणि बऱ्याचदा महाविद्यालयेही गृहीत धरतात. बीडीएसच्या चार वर्षांत आणि त्यापुढील एका वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये विद्यार्थ्याच्या हाताखालून असंख्य रुग्णांची तोंडे जातात, परंतु त्याचे स्वतःचे तोंड कोणी पद्धतशीर तपासावे आणि त्याची नोंद ठेवावी, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. माहिती असणे आणि सवय असणे या दोन वेगळ्या गोष्टी असून पहिलीतून दुसरी आपसूक निर्माण होत नाही, हे निरनिराळ्या देशांतील दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. सवय लागते ती मोजमापाने, आणि हे मोजमाप पहिल्या वर्षापासूनच सुरू झाले पाहिजे, या भूमिकेतून पुढील विवेचन केले आहे. ते मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि काही भाग त्यांच्या अध्यापकांसाठी.

मौखिक आरोग्याविषयीची वृत्ती म्हणजे दात आणि हिरड्या निरोगी ठेवणे आपल्या हातात आहे असे माणसाला कितपत वाटते, त्यासाठी वेळ आणि कष्ट खर्च करायची त्याची किती तयारी असते, आणि दुखण्याआधी दंतवैद्याकडे जाणे त्याला गरजेचे वाटते की नाही, यांचा एकत्रित कल होय. वर्तन म्हणजे तो प्रत्यक्षात रोज काय करतो ते. या दोहोंचा अंदाज घेण्यासाठी जपानमधील हिरोशिमा विद्यापीठाचे माकोतो कावामुरा यांनी १९८८ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात २० विधाने असून प्रत्येकाशी सहमत की असहमत एवढेच सांगायचे असते. त्यांपैकी १२ विधानांच्या उत्तरांना एकेक गुण मिळतो, म्हणजे कमाल गुण १२ होतात. जपान, कोरिया, फिनलंड, ग्रीस, जॉर्डन, तुर्कस्तान, भारत अशा अनेक देशांतील दंतमहाविद्यालयांत ही प्रश्नावली वापरली गेली आहे.

या प्रश्नावलीची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यातून चांगले वर्तन कशाला म्हणावे याचा एक विचार दिसतो. आपल्या दातांवर पांढरा चिकट थर दिसल्याचे जो मान्य करतो त्याला गुण मिळतो, कारण थर सर्वांच्याच दातांवर असतो, तो दिसतो मात्र शोधणाऱ्यालाच. टूथपेस्टशिवायही दात नीट स्वच्छ करता येतात असे मानणाऱ्याला गुण मिळतो, कारण थर निघतो तो ब्रशच्या केसांनी आणि हाताच्या कौशल्याने, फेसाने नव्हे. दात घासल्यावर आरशात पाहणे, प्रत्येक दात काळजीपूर्वक घासणे, दात किती स्वच्छ झाले हे कधीतरी रंग लावून पाहिलेले असणे, यांनाही गुण आहेत. एका विधानाबाबत मात्र सावध राहावे लागते. केवळ ब्रशने हिरड्यांचे रोग टाळणे अशक्य आहे, या विधानाशी असहमत असणाऱ्यास गुण दिला जातो. वास्तविक दोन दातांमधल्या फटीत ब्रश पोहोचत नाही हे शिकलेला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी या विधानाशी सहमत होईल आणि अधिक जाणता असूनही एक गुण गमावेल. म्हणून एकूण गुणांपेक्षा एकेका विधानाच्या उत्तराकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

या पाहण्यांत बहुतेक ठिकाणी एकच कल आढळतो: पहिल्या-दुसऱ्या वर्षांतील विद्यार्थ्यांचे गुण कमी असतात आणि रुग्ण तपासण्यास सुरुवात झाल्यावर ते वाढतात. त्याचे कारण बरेचसे अभ्यासक्रमाच्या क्रमात आहे. भारतात पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि दंतरचनाशास्त्र शिकवले जाते. विद्यार्थी मेणाच्या ठोकळ्यातून सुळा आणि दाढ हुबेहूब कोरतो, पण तोच सुळा स्वतःच्या तोंडात कसा घासावा हे त्याला कोणी दाखवलेले असेलच असे नाही. दुसरे वर्ष औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, दंतसाहित्य आणि नमुन्यांवरील प्रात्यक्षिकांत जाते. हिरड्यांच्या रोगांचे शास्त्र आणि सामाजिक दंतवैद्यक, म्हणजे ज्या दोन विषयांत प्रतिबंधाचा विचार मुख्यत्वे येतो, ते विद्यार्थ्याच्या हाती खऱ्या अर्थाने लागतात ते रुग्णालयातील पोस्टिंग सुरू झाल्यानंतर आणि अंतिम वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर. तोवर तो २१-२२ वर्षांचा झालेला असतो आणि शालेय वयात घरी लागलेली घासण्याची पद्धत त्याच्या हातात मुरलेली असते. यात विद्यार्थ्याचा दोष नाही, परंतु उपाय त्यालाच लवकर सुरू करता येतो.

दंतवैद्यकाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रयोग या संदर्भात प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावा, कारण त्यात भाग घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण प्रथम वर्षाचे दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथील दंतमहाविद्यालयात हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणे पूर्णपणे थांबवण्यास सांगितले. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्यांना दाह झाला, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात तो ओसरला. जिवाणूंचा थर हेच हिरड्यांच्या दाहाचे कारण आहे हे यातून निर्विवाद झाले. विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ दुहेरी आहे: परीक्षेच्या काळात दोन-तीन आठवडे केलेली हेळसांड हिरड्यांवर दिसते, आणि ती वेळीच सुधारली तर भरूनही येते. घासताना रक्त आले म्हणून तो भाग घासणे टाळणारे विद्यार्थी आढळतात. ते नेमके उलटे करत असतात. रक्त येणारी जागा मऊ ब्रशने अधिक नीट स्वच्छ करावी, आणि दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही तर हिरड्यांच्या विभागात दाखवावे.

आता मोजमापाविषयी. दातांवरचा जिवाणूथर दातासारख्याच रंगाचा असल्याने तो डोळ्यांना चकवतो, म्हणून एरिथ्रोसिन नावाचा लाल खाद्यरंग वापरून तो उघड केला जातो. या द्रावाला किंवा गोळीला महाविद्यालयात डिस्क्लोझिंग एजंट म्हणतात आणि हिरड्यांच्या विभागात ते सहज मिळते. रुग्णावर तो घासण्यापूर्वी लावण्याची रीत असली तरी स्वतःची पद्धत तपासायची असेल तर आधी नेहमीप्रमाणे, उगाच जास्त मेहनत न घेता, दात घासावेत आणि मगच रंग लावावा. ओठांना आधी व्हॅसलीनचा हलका हात द्यावा, म्हणजे ते रंगत नाहीत. द्रावाचे थेंब जिभेने सर्व दातांवर फिरवून एकदाच चूळ भरावी. जीभ काही तास लाल राहते, तेव्हा ही तपासणी रात्री करणे सोयीचे. त्यानंतर किटमधला तोंडात घालायचा आरसा आणि मोबाइलचा दिवा घेऊन एकेक दात पाहावा. पुढचे पटाशीचे दात बहुधा पांढरे शुभ्र दिसतात, आणि तिथेच बहुतेकांचे समाधान होते. पण खालच्या दाढांची जिभेकडची बाजू, वरच्या शेवटच्या दाढेची गालाकडची बाजू, हिरडीच्या कडेला लागून असलेली बारीक रेघ, दोन दातांमधली फट आणि जुन्या फिलिंगची खडबडीत कड येथे लाल रंग घट्ट बसलेला असतो. खालच्या पटाशीच्या दातांची आतली बाजू विशेष पाहावी. जिभेखालच्या लाळग्रंथींच्या नलिका तेथेच उघडत असल्याने थर कडक होऊन किटण साचण्याचा वेग तेथे जास्त असतो.

जे दिसले ते आकड्यात मांडण्यासाठी ओ'लिअरी आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडलेली नोंदपद्धत पुरेशी आहे. प्रत्येक दाताच्या चार बाजू धरायच्या, म्हणजे गालाकडची किंवा ओठाकडची, जिभेकडची किंवा टाळूकडची, आणि शेजारच्या दातांना लागून असलेल्या दोन. अक्कलदाढा वगळून २८ दात असतील तर ११२ बाजू होतात. हिरडीलगत रंग दिसलेल्या बाजू मोजून त्यांना एकूण बाजूंनी भागायचे आणि शंभराने गुणायचे. समजा ४५ बाजू रंगल्या, तर प्रमाण सुमारे ४० टक्के येते. उद्दिष्ट १० टक्क्यांपर्यंत उतरण्याचे असावे. पहिल्या तपासणीत आलेला आकडा पाहून बहुतेकांना धक्का बसतो, आणि तो बसणे चांगलेच आहे. महिन्यातून एकदा ही तपासणी करून आकडा आणि रंगलेल्या जागा वहीत टिपून ठेवाव्यात. कोणत्या जागा दर वेळी रंगतात हे तीन-चार नोंदींनंतर स्पष्ट होते, आणि सुधारणा नेमकी तिथेच करायची असते.

घासण्याच्या पद्धतीबाबत फार खोलात जाण्याचे कारण नाही, कारण ती पुस्तकात आहे. अमेरिकेतील टुलेन विद्यापीठाचे वैद्य चार्ल्स बास यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत ब्रशचे केस हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत टेकवून जागच्या जागी बारीक हालचाल करायची असते. तिच्यासाठी मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश हवा. जोर लावल्याशिवाय दात स्वच्छ झाल्यासारखे वाटत नाहीत ही समजूत फार पक्की असते; जोराने आडवे घासण्याने सुळे आणि उपदाढा यांच्या मुळाशी खाचा पडतात आणि पुढे थंड पाणी झोंबू लागते. दोन दातांमधल्या फटीसाठी फ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश हाच मार्ग आहे. फ्लॉस फटीतून करकचून खाली ओढू नये. तो हलकेच खाली नेऊन एका दाताला इंग्रजी सी अक्षरासारखा बिलगवावा, हिरडीच्या कडेखाली जाईल इतका वरखाली फिरवावा, मग त्याच फटीत शेजारच्या दातासाठी तेच करावे. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण खळखळून चुळा भरू नयेत, कारण दातांवर थोडे फ्लोराइड राहणे हाच तर त्याचा उपयोग. यवतमाळ किंवा चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांतील ज्या भागांत पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे तेथून आलेल्या काही विद्यार्थ्यांच्या दातांवर लहानपणापासून पांढरे किंवा तपकिरी डाग असतात. ते दात तयार होत असतानाच इनॅमलमध्ये पडलेले असल्याने कितीही घासले तरी जात नाहीत, आणि त्यांचा अस्वच्छतेशी काहीही संबंध नाही. असा विद्यार्थी संकोचाने दात घासून घासून झिजवत असेल तर त्याला हे कोणीतरी नीट समजावून सांगायला हवे.

हॉस्टेलमधील खाणेपिणे हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणावा लागेल. रॉबर्ट स्टेफन यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातांवरच्या थरातील आम्लता वाढते, पीएच म्हणजे आम्लतेचे मापन ५.५ च्या खाली उतरते आणि पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो, ५.५ च्या खाली इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. हे वक्र परीक्षेत जवळजवळ प्रत्येक जण काढतो. तरीही सकाळचा चहा, अकराचा चहा, क्लिनिक सुटल्यावरचा चहा आणि रात्री अभ्यासाला बसताना मगभर भरून तासभर घोट घोट घेतलेला चहा, सोबत बिस्किटे, असा दिनक्रम असलेला विद्यार्थी आपल्या दातांवर तेच वक्र दिवसातून किती वेळा काढतो याचा हिशेब करत नाही. येथे साखरेच्या एकूण प्रमाणापेक्षा ती किती वेळा आणि किती वेळ तोंडात राहते याला जास्त महत्त्व आहे. त्यामुळे गोड खायचेच तर ते जेवणासोबत खावे. चहा पाच-दहा मिनिटांत संपवावा आणि मग पाणी प्यावे. रात्री जागण्यासाठी लागणारा चहा किंवा कॉफी बिनसाखरेची घ्यावी. एनर्जी ड्रिंक आणि शीतपेये साखरेसोबत स्वतःची आम्लताही घेऊन येतात, म्हणून ती प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये, निदान अर्धा तास थांबावे.

रात्रीचे घासणे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त चुकणारे. झोपेत लाळ कमी स्रवते आणि लाळेने मिळणारे संरक्षण रात्रभर जवळपास बंद असते. विद्यार्थी पुस्तक छातीवर घेऊन झोपी जातो आणि घासायचे राहून जाते. म्हणून झोपण्यापूर्वी घासायचे असा नियम करण्याऐवजी रात्रीचे शेवटचे खाणे झाल्याबरोबर घासायचे आणि त्यानंतर फक्त पाणी, असा नियम करावा. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास साधारण ६६ दिवस लागले, मात्र व्यक्तीव्यक्तींमधील फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. तेव्हा सत्र सुरू होताना लावलेली सवय परीक्षेच्या आधी पक्की होऊ शकते, परीक्षेच्या आठवड्यात सुरू केलेली मात्र सहसा टिकत नाही.

विद्यार्थ्यांचे वय हेच अक्कलदाढा येण्याचे वय असते, साधारण १७ ते २५. खालची अक्कलदाढ अर्धवट बाहेर आलेली असताना तिच्यावरच्या हिरडीच्या पदराखाली अन्न अडकते, सूज येते, तोंड उघडणे कठीण होते. अशा दाढेपर्यंत ब्रश न्यायचा तर तोंड पूर्ण न उघडता अर्धेच उघडावे, म्हणजे गाल सैल राहतो आणि ब्रशला जागा मिळते. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळांनी तात्पुरता आराम पडतो, पण सूज पुन्हा आली तर एक्सरे काढून निर्णय घ्यावा. येथे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांची एक खास चूक नमूद करणे आवश्यक आहे, ती म्हणजे स्वतःवर स्वतःच उपचार करणे. औषधांची नावे ठाऊक झाल्यामुळे मेडिकलमधून प्रतिजैविक आणि वेदनाशामक आणून दोन दिवस घेणे आणि दुखणे थांबले की सोडून देणे, हे सर्रास चालते. दाताच्या नसेला सूज आल्याने जो ठणका लागतो त्यावर प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही, आणि अर्धवट डोसांमुळे औषधाला न जुमानणारे जिवाणू मात्र पोसले जातात. तसेच वर्गमित्राकडून रिकाम्या खुर्चीवर, केसपेपर न काढता, घाईने भरून घेतलेले फिलिंग कोणत्याच नोंदीत येत नाही आणि ते बिघडले तर पुढच्या डॉक्टरला आधी काय केले होते हे कळत नाही. विद्यार्थ्यानेही इतर रुग्णांप्रमाणेच ओपीडीतून जावे, केसपेपर काढावा आणि अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार घ्यावेत.

तंबाखूचा प्रश्न महाराष्ट्रात टाळता येण्याजोगा नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते, आणि त्यांतले बहुसंख्य धूरविरहित तंबाखू, म्हणजे तोंडात ठेवायची किंवा दातांना लावायची. अनेक विद्यार्थी ज्या घरांतून येतात तेथे आजी किंवा आई तव्यावर भाजून काळी केलेली मशेरी लावत असते, विदर्भात वडीलधाऱ्यांच्या खिशात खर्ऱ्याची पुडी असते. त्यामुळे ही सवय विद्यार्थ्याला रुग्णाची म्हणून अपरिचित नसते, उलट ती इतकी ओळखीची असते की तिच्याविषयी बोलायला त्याची जीभ रेटत नाही. स्वतः साधी सुपारी चघळणारे विद्यार्थी ती निरुपद्रवी मानतात. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलेले आहे, आणि तोंडातील त्वचेखाली तंतू घट्ट होऊन तोंड हळूहळू उघडेनासे होण्याचा विकार, ज्याला दंतवैद्यकात सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, मुख्यतः सुपारीनेच होतो. ज्याला स्वतःची सुपारी सोडायची आहे त्याने घरच्या एखाद्या माणसालाही सोबत घ्यावे. रुग्णाला पुढे जे समुपदेशन करायचे आहे त्याचा खराखुरा सराव यात होतो.

अध्यापकांनी पहिल्या वर्षाच्या प्रवेशानंतर महिनाभरात संपूर्ण तुकडीची तोंडाची तपासणी करून घ्यावी, किडलेले दात त्याच वर्षी भरून द्यावेत, आणि दंतरचनाशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतच रंग लावून पाहण्याचे एक सत्र ठेवावे. विद्यार्थ्यांच्या जोड्या करून एकाने दुसऱ्याच्या रंगलेल्या बाजूंची नोंद करावी, कारण स्वतःच्या तोंडाबाबत प्रत्येक जण थोडा उदार असतो. या आकड्यांना अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मात्र कदापि देऊ नयेत. गुण मिळू लागले की विद्यार्थी तपासणीच्या आदल्या रात्रीच मन लावून घासतील आणि आकड्याला काही अर्थ उरणार नाही. विभागाकडे हजेरी क्रमांकाऐवजी सांकेतिक क्रमांकाने नोंद राहावी, आणि मूळ नोंद विद्यार्थ्याकडे. हिरोशिमाची प्रश्नावली भरून घ्यायची असेल तर ती रंगाच्या तपासणीच्याच आठवड्यात घ्यावी, म्हणजे विद्यार्थी जे सांगतो आणि त्याचे दात जे दाखवतात त्यांतील अंतर मोजता येईल. प्रवेशाच्या वेळी, तिसऱ्या वर्षाच्या आरंभी आणि इंटर्नशिप संपताना अशा तीन नोंदी एकाच तुकडीच्या मिळाल्या, तर अभ्यासक्रमातील प्रतिबंधाचे धडे किती आधी आणायला हवेत हे त्या महाविद्यालयाला स्वतःच्याच आकड्यांवरून ठरवता येईल.